आणखी कुठलं नाव

ईमेल तीन ओळींचं होतं. सोबत जोडलेल्या कागदपत्रांवरून अर्जदार आणि तिने आई म्हणून दाखवलेली व्यक्ती यांचं नातं सिद्ध होत नाही, सबब अर्ज पुढे नेता येत नाही, पुरेसा पुरावा असल्यास नव्याने अर्ज करावा, आभार. देवयानीने ते एकदा वाचलं, मग प्रत्येक नोंद दोनदा वाचायच्या सवयीने पुन्हा वाचलं, आणि उठून गॅलरीचं दार उघडलं. वॉलॉंगॉंगच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीत, समुद्राची एक निळी पट्टी दिसायची. पोर्ट केंब्लाच्या बंदरात कोळसा भरायला नंबर लागायची वाट बघत त्या पट्टीत बहुतेक दिवशी एखाददुसरं जहाज नांगर टाकून उभं असे. आज तीन होती. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. मिरजेत सकाळचे दहा वाजले असतील, आईची पूजा आटोपली असेल, दुसरा चहा झाला असेल. नातं सिद्ध होत नाही. देवयानीला लहानपणी ताप आला की आई कपाळाला तळहात लावायची नाही, मनगटाची आतली बाजू लावायची. तळहात भांडी घासून गार पडलेला असतो, तो खोटं सांगतो, असं म्हणायची. एवढ्याशा गोष्टीत मापनातली चूक ओळखणारी ती बाई, आणि पुढे संख्याशास्त्र शिकायला गेलेली तिची मुलगी. हा पुरावा कुठल्या रकान्यात जोडायचा, कोण जाणे.

टेबलावरच्या दुसऱ्या पडद्यावर सकाळपासूनचं काम तसंच उघडं होतं. युनिव्हर्सिटीत ती रिसर्च असिस्टंट होती आणि तिचं काम लांबून पाहणाऱ्याला वेडगळ वाटेल असं होतं. अमेरिकेच्या काँग्रेसच्या समित्यांपुढे गेल्या पाऊणशे वर्षांत ज्या सुनावण्या झाल्या, त्यातल्या प्रत्येकीचा गोषवारा वाचायचा आणि तिला एक क्रमांक द्यायचा. शेती, आरोग्य, संरक्षण, खाणी, स्थलांतर. एका सुनावणीला एकच क्रमांक, मग तिच्यात दहा विषय का येईनात. तीच सुनावणी दुसरा कुणी स्वतंत्रपणे वाचणार, त्याचा क्रमांक देणार, आणि दोघांचं जमलं नाही तर शुक्रवारच्या मीटिंगमध्ये भांडण. मग वर्षावार बेरीज, मग आलेख. ह्या आलेखातून तिची प्रोफेसर लोरेन एकाच प्रश्नाच्या मागे लागली होती: एखादी अडचण सरकारच्या टेबलावर येते कधी आणि कशी? लोरेन म्हणायची, सरकारकडे सगळं मुबलक असतं, कमी पडतं ते लक्ष. टेबल लहान, विषय फार. मोठा विषय आधी आणि छोटा नंतर अशी रांग तिथे नसतेच. देवयानीला पहिल्या महिन्यातच कळलं की आलेखात बघण्यासारखा भाग म्हणजे उंच उसळलेला खांब, असं सगळे धरून चालतात. तिला मात्र त्याच्या आधीची सपाट रेष अस्वस्थ करायची. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या छातीत धूळ साठते हे डॉक्टरांना माहीत होतं, बायकांना माहीत होतं, कंपन्यांनाही माहीत होतं, आणि तरी वर्षानुवर्षं रेष सपाट. मग एका नोव्हेंबरात एका खाणीत स्फोट झाला, अठ्ठ्याहत्तर माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी कायदा आला, त्यात धुळीलाही जागा मिळाली. स्फोटाचा आणि धुळीचा तसा संबंध काय? पण दार उघडलं होतं आणि धूळ त्या उघड्या दारातून आत शिरली. आज ती जी सुनावणी वाचत होती ती त्या सपाट रेषेतली होती. साक्षीदारांमध्ये एक बाई होती, मिसेस अर्ल डॉब्स. माझा नवरा आडवा होऊ शकत नाही, चार वर्षं तो खुर्चीत बसून झोपतो, असं ती म्हणाली होती. अध्यक्षांनी तिचे आभार मानले होते आणि पुढचा साक्षीदार बोलावला होता. अर्ल हे नवऱ्याचं नाव. बाईचं स्वतःचं नाव शोधायला देवयानीने सगळी पानं उलटली होती. तसा रकाना तिच्या कोष्टकातही नव्हता, तेव्हा ते शोधायचं कारणही नव्हतं.

सपाट रेषेखाली माणसं असतात हे तिला स्वतःच्याच अंगावर कळलं ते या वर्षी. देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा नियम असा होता की इथल्या नागरिकांच्या आणि पर्मनंट रेसिडेंट लोकांच्या जवळच्या कुटुंबाला परवानगी मागून येता येईल. जवळचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अवलंबून असलेली मुलं. प्रौढ माणसाचे आईबाप त्या व्याख्येत नव्हते. देवयानीला आधी ते वाचून हसू आलं होतं. लग्न न झालेल्या, पोरबाळ नसलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीचं जवळचं कुटुंब म्हणजे रिकामा संच. मग एप्रिल आला. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये बाबा नऊ दिवस होते, ती नऊ दिवस फोनवर होती, दहाव्या दिवशी मामाने स्मशानातून व्हिडिओ लावायचा प्रयत्न केला आणि आई म्हणाली, बंद कर ते. त्याच आठवड्यात भारतातून येणारी विमानंच थांबली. गेली असती तर परत येता आलं नसतं. हे खरं होतं, आणि ते तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते एखाद्या पाठ केलेल्या सूत्रासारखं झालं होतं, ज्याची सिद्धता विसरलेली असते. तेव्हापासून सात महिने आई त्या घरात एकटी होती, आणि इथे देवयानी भाजी चिरताना मध्येच थांबायची, कारण फोडणीत हिंग आधी की मोहरी हे विचारायला जे माणूस हवं ते पडद्यात होतं आणि पडद्याला वास येत नाही.

मितालीची ओळख तेव्हाची. मिताली मूळची पुण्याची, मेलबर्नच्या टार्निटमध्ये राहणारी, आयटीतली, दोन पोरांची आई, आणि आईबाप न आणता येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची सर्वेसर्वा. संसदेकडे पिटिशन जात होतं, खासदारांना पत्रं जात होती, आणि देवयानीने आपल्याला येतं ते केलं. ग्रुपवरच्या दोनशे चौदा कुटुंबांची माहिती गोळा करून एक नेटकं कोष्टक तयार केलं. मितालीने ते पाहून फोन केला होता.

"एक्सलंट आहे गं. आता फेकून दे."

"का? यात मीडियन वेटिंग टाइम आहे, वयोगट आहेत, आणि प्रत्येकाला स्टँडर्ड एरर—"

"तू आणि तुझी स्टँडर्ड एरर! अगं, एमपीच्या ऑफिसातल्या पोरीने काय मागितलंय माहितीये? स्टोरी. एक पान. फोटो असला तर बेस्ट. टेबल बघून कोणी रडतं का, बाई?"

मागून मितालीच्या मुलाचा आवाज आला, "मम, आय कान्ट फाइंड माय चार्जर!" आणि मिताली फोन न सोडता ओरडली, "सोफ्याखाली बघ, रोज तिथेच असतो!" मग पुन्हा इकडे, "तू तर हेच शिकतेस ना युनीत? विषय वर कसा जातो ते? मग सांग, चेहरा लागतो की नाही?"

लागतो. लोरेनचे सगळे आलेख तेच सांगत होते. देवयानीने दोनशे शब्द लिहिले. माझी आई वासंती, वय एक्कावन्न, वडील गेल्यापासून एकटी. लिहिताना तिला सारखं वाटत होतं की आपण आईला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवतोय, तिला न विचारता. ते पान कुठल्याशा बातमीत आलं, बातमी फिरत फिरत मिरजेत पोचली. आईने फोनवर एवढंच म्हटलं, "फ्रेल म्हणजे अशक्त ना? मी अशक्त कधी झाले गं? जिन्यावरून सिलिंडर मीच चढवते." तो शब्द खासदाराच्या ऑफिसमधल्या कुणीतरी घातला होता, देवयानीचा नव्हता, पण तसं तिने आईला सांगितलं नाही. सप्टेंबर संपला. पुढे नक्की काय झालं, पिटिशनमुळे झालं, लशींचे आकडे वाढले म्हणून झालं, का निवडणूक जवळ येत होती म्हणून, हे देवयानीला कधीच वेगळं करून दाखवता आलं नसतं. कारणं अशी सुटी सुटी मिळत नाहीत. पण ऑक्टोबरच्या मध्यावर, लॉकडाउन उठून चार दिवस झाले असताना, बातमी आली. एक नोव्हेंबरपासून आईबाप जवळच्या कुटुंबात धरले जातील. मितालीने ग्रुपवर नुसते नाचणारे मोर पाठवले, सत्तावीस. देवयानी समुद्रावर जाऊन बसली आणि तिला वाटलं की सपाट रेषेतून वर उसळणाऱ्या त्या खांबात आपण आहोत, त्याच्या आतल्या अंगाला हात लावून बघतोय. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे आता मी तुझी आई झाले का? बरं झालं बाई." आणि लगेच, मेतकूट किती आणू, विमानतळावर चालतं ना?

आणि आता हे ईमेल. कुठे माशी शिंकली? तिने परत आत येऊन अर्जाला जोडलेल्या फाइली उघडल्या. स्वतःचा पासपोर्ट, त्यावर आईचं नाव वासंती. आईचा पासपोर्ट, वासंती श्रीनिवास हेर्लेकर. आणि जन्माचा दाखला. तो तिच्याकडे कधीच नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचा पासपोर्ट निघाला होता, पासपोर्टवर इथला व्हिसा, व्हिसावर पुढचं सगळं. ह्या वेळी जन्माचाच दाखला हवा म्हणाले, तेव्हा कराडला राहणाऱ्या हेमचंद्रमामाने नगरपालिकेत दोन खेपा घालून नवी प्रत काढली होती आणि मोबाइलवर फोटो पाठवला होता. देवयानीचा जन्म कराडचा, आई पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली असताना, आणि तेव्हा नगरपालिकेत जन्माची नोंदही मामानेच केली होती. तिने तो फोटो तपासला होता. तारीख बरोबर, बाबांचं नाव बरोबर, शिक्का स्पष्ट. आज तिने बोटाने तो मोठा केला आणि एकेक ओळ वाचत गेली. आईचे नाव: पद्मा श्रीनिवास हेर्लेकर.

तिने फोन उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. पद्माच. दिवसाला चाळीस सुनावण्या डोळ्यांखालून घालणारी, स्वल्पविराम चुकला तरी अडणारी आपण, आणि ही ओळ आपण वाचलीच नाही. का नाही वाचली याचं उत्तर तिला लगेच मिळालं आणि ते तिला आवडलं नाही: आईचं नाव तपासायचं असतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते जमिनीसारखं होतं. त्यावर उभं राहून बाकीचं तपासायचं. अर्ज पुन्हा उघडला तर त्यात आणखी एक गोष्ट निघाली. चौथ्या पानावर प्रश्न होता, ह्या व्यक्तीला आणखी कुठल्या नावाने ओळखतात किंवा पूर्वी ओळखत होते का? आणि त्याच्यापुढे तिने, एकतीस ऑक्टोबरला, अर्ध्या सेकंदात, नाही यावर खूण केली होती.

कराडला प्रीतिसंगमावर ती आईबरोबर गेली होती. किती वर्षांची होती? तिसरीत असेल, कारण नवे रबरी बूट होते आणि ते वाळूत रुतत होते. मागून कुणीतरी हाक मारली, "पद्मे! ए पद्मे!" आणि आई वळली. हे आत्ता तिला लख्ख दिसलं, आई वळली, आणि वळल्यावर तिच्या हाताची पकड एकदम सैल झाली, जसा झोपेत हात सैल पडतो. एक जाडसर बाई भराभरा येत होती, तिने आईच्या गालाला हात लावला, दोघी हसत होत्या, आईचं ते हसू मिरजेच्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं, त्यात एक किनरा चढ होता. परत येताना देवयानीने विचारलं होतं, "आई, पद्मा कोण?" आई म्हणाली होती, "कुणी नाही. चुकून हाक मारली तिने." आणि हात पुन्हा घट्ट धरला होता. ती आठवण इतकी वर्षं तिच्याजवळ रबरी बुटांची आठवण म्हणून होती. नोंद बरोबर, क्रमांक चुकलेला.

घरातही एक टेबल होतं आणि त्यावरही जागा कमी होती. बाबा काही दुष्ट नव्हते. पाटबंधारे खात्यातले सरळ, मोजून बोलणारे, जेवताना मुलीच्या पानात स्वतःच्या ताटातली कोशिंबीर वाढणारे गृहस्थ. पण घरात काय बोललं जाईल हे ते ठरवत, आणि ते ठरवतात हे कुणाला जाणवत नसे, त्यांनाही नाही. आजोळी जायचं कधी, हा विषय होता. आईला पुन्हा शाळेत शिकवायला जायचंय, हा विषय दोनदा आला, दोन्ही वेळा बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवून म्हटलं, "बरं, विषय संपला." रागाने नाही, दिवा मालवावा तसं. आणि जे कधी विषय म्हणून आलंच नाही त्याची नोंद कोण ठेवणार? मिरजेतल्या घरातल्या पंचवीस वर्षांच्या संभाषणाचा कुणी आलेख काढला असता तर आईच्या नावाच्या जागी एक सपाट रेष निघाली असती, आणि सांगलीच्या कॉलेजातून संख्याशास्त्र शिकून सातासमुद्रापार गेलेली तिची हुशार मुलगी त्या रेषेवरून रोज चालत होती.

तिने मितालीला फोन लावला. मितालीने सगळं ऐकलं, दोन वेळा "ओह नो" म्हटलं आणि नवऱ्याला हाक मारली. शंतनू, तिचा नवरा, असल्या कामात वाकबगार. त्याने स्पीकरवर येऊन एका दमात सांगितलं, "टेन्शन नको घेऊ. नाव बदललेल्या बायकांचं हे नेहमीचंच. माझ्या मावशीचं असंच होतं. दाखलाच दुरुस्त करून घे. क्लेरिकल मिस्टेक म्हणून अर्ज द्यायचा, मामा आहेत ना तिथे, पंधरा-वीस दिवसांत वासंती नावाचा दाखला हातात. अपलोड, फिनिश. ख्रिसमसला आई इथे."

"आणि दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे दोन नावं कबूल करायची. ॲफिडेव्हिट, शाळेचे जुने कागद, एक्स्प्लनेशन. ते लोक बसतात मग चघळत. कधी होईल गॅरंटी नाही. आणि मेट, बॉर्डर आत्ता उघडी आहे. उद्याचं कोणी सांगावं?"

"देवू, ऐक त्याचं," मिताली म्हणाली. "प्रॅक्टिकल हो. सगळे हेच करतात."

फोन ठेवून तिने समुद्राच्या पट्टीकडे पाहिलं. तीन जहाजांतलं एक हललं होतं, किंवा तिची खुर्ची हलली असेल. ख्रिसमस. म्हणजे सहा आठवडे. सहा आठवड्यांनी या स्वयंपाकघरात आई उभी असेल, ओट्याची उंची कशी चुकीची आहे ते सांगत, खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला नावं ठेवत. आई झोपते तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या लागतो, तांब्या नाही, जग चालेल. आईच्या साडीच्या ओच्याला कायम एक ओलसर थंडावा असायचा, लहानपणी देवयानी तिथे तोंड खुपसायची, आणि आत्ता, बत्तीस अंश तापमानात, तिच्या गालाला तो थंडावा इतका खरा जाणवला की तिने गालावर हात फिरवला. एवढंसं तर करायचंय. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द. दाखला तसाही कुणी पाहिलेला नाही. मामाला सांगायचं, मामा, तुमच्याकडून चूक झालीय, दुरुस्त करून टाका. तिने मामाचा नंबर काढलाही. मग तिला दिसलं की मागच्या वेळी ‘नाही’वर खूण करताना जो वेग होता, तोच आपल्या बोटाला आत्ता आहे. तिने मामाचा नंबर सोडला आणि आईला फोन लावला.

"काय गं, आज लवकर? काम नाही?" आईच्या मागे नळ वाहत होता.

"आई, कराडच्या दाखल्यावर तुझं नाव पद्मा आहे."

नळ बंद झाला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"त्यांनी पकडलं वाटतं," आई म्हणाली.

"मामाची चूक झाली ना लिहिताना?"

"हेमूची? हेमूने आयुष्यात एकच कागद बरोबर लिहिलाय, तो हा." आई खुर्ची ओढून बसली असावी, फरशीवर आवाज झाला. "तू बारा दिवसांची होतीस. हा नगरपालिकेत निघाला, पायात चपला घातल्या आणि दारातून विचारतो कसा, अक्का, तुझं नाव कोणतं घालू? एकोणीस-वीस वर्षांचं पोर. आणि मला असं झालं बघ, देवू... मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते मीसुद्धा सगळ्या बायकांबरोबरच वाचलं. वाकून. छान आहे म्हणाल्या सगळ्या. छानच होतं. पण हेमू विचारतोय तर म्हटलं, पद्मा घाल. तो घाबरला. भावजींना कळलं तर? म्हटलं, जन्माचा दाखला कोण बघतंय. एका तरी कागदावर राहू दे."

"बाबांना कळलं?"

"तुला शाळेत घालताना. बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, शाळेत आपण तोंडी सांगू. विषय संपला." आई हे बाबांच्या आवाजात म्हणाली, हुबेहूब, आणि दोघींनाही हसू आलं. "मग तो कागद मला दिसला नाही परत. हे गेल्यावर कपाट आवरताना शोधला. नव्हता."

देवयानीने तिला सगळं सांगितलं, शंतनूने सांगितलं तसं, दोन्ही रस्ते, दोन्हींचे दिवस. जसं लोरेनला सांगितलं असतं तसं, कुठल्याच बाजूला पारडं न झुकवता. सांगताना तिचा आवाज झुकत होता आणि ती तो सरळ करत होती.

"दुरुस्ती केली तर नाताळात?"

"बहुतेक."

"आणि नाही केली तर?"

"माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही. मध्येच सगळं पुन्हा बंदही होईल."

"मग तुला काय बरं वाटतं?"

तिच्याकडे दोन वाक्यं तयार होती. एक, ये, लवकर ये, कागदाचं काय घेऊन बसलीस. दुसरं, नको, तुझं नाव राहू दे, मी थांबते. दुसरं जास्त उमदं होतं, आणि तेही बाबांच्या पेल्यासारखंच खाली ठेवता आलं असतं, ठक्क करून. तिने दोन्ही गिळली आणि अर्जाचं चौथं पान पुढे ओढलं.

"आई, इथे एक प्रश्न आहे. वाचून दाखवते. ह्या व्यक्तीला आणखी कुठल्या नावाने ओळखतात किंवा पूर्वी ओळखत होते का?"

"मागच्या वेळी काय लिहिलंस?"

"नाही असं लिहिलं."

"मला न विचारता?"

"हो."

"वडिलांवर गेलीस," आई म्हणाली. शांतपणे, जेवायला ये म्हणावं तसं. आणि मग, "मला यायचंय गं. एप्रिलपासून मी कुणाशी भांडलेले नाही, सवय मोडत चाललीय. परवा तर पोळी करपली आणि मी ती तशीच खाल्ली, कुणाला सांगायला नाही. मला यायचंय. पण तिथे यायला म्हणून तो कागद खोडायचा, आणि खोडल्यावर सहीसुद्धा हेमूनेच करायची, माझी चूक झाली म्हणून? त्याने काय चूक केली?" मग म्हणाली, "हो लिही. दोन्ही लिही."

"दोन्ही लिहिलं तर थांबावं लागेल."

"मग थांबायचं. तुझ्याकडे कागदाला लागतात ते दिवस लागू देत. मी कुठे पळून चाललेय?"

देवयानीने ‘हो’वर खूण केली. खाली एक नवा रकाना उघडला, नाव बदलण्याचं कारण, त्यात चार पर्याय. लग्न, घटस्फोट, कायदेशीर बदल, इतर. तिने वाचून दाखवले. लग्न निवडलं तर प्रश्न तिथेच मिटेल, तेही सांगितलं.

"लग्नाने आडनाव आलं. ते मला ठाऊक होतं, ते मी धरलं होतं," आई म्हणाली. "हे वेगळं. हे इतर."

"इतर म्हटलं तर कारण लिहावं लागतं. पाचशे अक्षरांपर्यंत."

"एवढी कशाला? लिही, मला विचारलं नव्हतं."

तिने इंग्रजीत ते एक वाक्य लिहिलं. आईने ते मोठ्याने वाचायला लावलं, मग स्वतः एकदा म्हणून पाहिलं, प्रत्येक शब्द सुटा करून, एके काळी शाळेत शिकवलेल्या बाईसारखं, आणि म्हणाली, चालेल. दाखला, दोन्ही पासपोर्ट, ॲफिडेव्हिट नंतर जोडते अशी टीप. देवयानीने सबमिट केलं. पडद्यावर एक नवा क्रमांक आला आणि त्याच्याखाली, मिळाला, एवढाच शब्द.

"ते परत काहीतरी विचारतील, आई. असा अर्ज सरळ जात नाही. कदाचित फोनही येईल. आला तर मी त्यांना नीट समजावून—"

"तू नको," पद्मा म्हणाली. "मला जोडून दे. मी सांगते."